‘बॉन्क्सी’ व त्याचे सोबती : शेटलंडमधील पक्षिनामे आणि नॉर्न भाषेचा अस्त

स्कॉटलंडच्या उत्तरेस, साठाव्या अक्षांशाच्या आसपास पसरलेल्या शेटलंड द्वीपसमूहाच्या पश्चिम अंगास फूला नावाचे एक एकाकी बेट आहे. ह्या नावाचा मूळ अर्थ ‘पक्ष्यांचे बेट’. 1774 साली जॉर्ज लो हा तरुण धर्मोपदेशक तेथे उतरला. लो हा व्यासंगी निसर्गाभ्यासक होता. पशुपक्षी, वनस्पती व जुने अवशेष ह्यांची टिपणे घेत तो बेटांमागून बेटे पाहत चालला होता. फूला बेटावर विल्यम हेन्री नावाच्या एका वृद्ध शेतकऱ्याच्या तोंडून त्याने पस्तीस कडव्यांचे एक वीरगीत, ख्रिस्ती प्रार्थना आणि सुमारे तीस शब्द उतरून घेतले. ज्या भाषेत हे सारे होते ती भाषा लोला येत नव्हती. कानावर पडले तसे त्याने लिहिले. ती भाषा म्हणजे नॉर्न. तिच्या शेटलंडमधील रूपाचा एवढा सलग नमुना पुन्हा कोणाच्याही हाती लागला नाही.

त्याच बेटावर लोने आणखी एक गोष्ट नोंदविली. तपकिरी रंगाचा, थोराड बांध्याचा, इतर पक्ष्यांच्या चोचीतील मासे हिसकावून घेणारा एक समुद्रपक्षी तेथे मोठ्या मानाने नांदत होता. त्याला मारण्याची कोणाची छाती नव्हती. मारल्यास सोळा शिलिंग आठ पेन्स दंड होता. त्याच्या अंड्यांना कोणी हात लावीत नसे, आणि समुद्रात होडीजवळ तो आला म्हणजे कोळी आपल्या माशांतील वाटा त्याला देत. ह्या आदराचे कारण अगदी व्यावहारिक होते. कोकरे उचलून नेणाऱ्या गरुडांना हा पक्षी बेटावर टिकू देत नसे. इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ ज्याला ‘ग्रेट स्कुआ’ म्हणतात, त्या ह्या पक्ष्याचे बेटावरील नाव ‘बॉन्क्सी’.

अशा रीतीने एकाच प्रवाशाच्या वहीत मरणपंथास लागलेली एक भाषा आणि तिच्या मागे उरणारे एक पक्षिनाम अशी दोन्ही शेजारी शेजारी आढळतात. भाषा गेली आणि पक्ष्यांची नावे राहिली, हे कसे घडले, आणि त्या नावांवरून भाषेच्या मृत्यूविषयी नेमके काय व कितपत सिद्ध होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

नॉर्नचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे. नवव्या शतकाच्या सुमारास नॉर्वेहून आलेल्या वसाहतकारांनी ही बेटे व्यापली आणि पुढे कित्येक शतके तेथे नॉर्स भाषाच नांदली. 1469 साली डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला ख्रिस्तियान ह्याने आपली कन्या मार्गारेट हिच्या हुंड्यापोटी, आठ हजार फ्लोरिनांच्या रकमेसाठी, शेटलंड स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकले. गहाण कधीच सुटले नाही. हळूहळू जमीनदार, धर्मोपदेशक व न्यायाधिकारी स्कॉटलंडहून येऊ लागले. 1611 मध्ये बेटांवरील जुने नॉर्स कायदे रद्द ठरविण्यात आले. धर्मसुधारणेनंतर बायबल आले ते इंग्रजीत. नॉर्नमध्ये ते कधीच उतरले नाही. न्यायालय, देवालय आणि बाजार ही तिन्ही ठिकाणे एकेक करून हातची गेल्यावर भाषा उरली ती चुलीपाशी आणि होडीत. अंस्ट बेटावरील स्कॉ येथे राहणारा वॉल्टर सदरलंड हा 1850 च्या सुमारास वारला. त्याला नॉर्नचा शेवटचा भाषक म्हणण्याची प्रथा आहे. परंतु त्याला भाषा बोलता येत होती की काही पाठ वचने तेवढी येत होती, ह्याविषयी शंकेस भरपूर जागा आहे.

1893 साली फेरो बेटांतील तरुण भाषाशास्त्रज्ञ याकोब याकोब्सेन शेटलंडमध्ये आला. तो 1864 सालचा, टोर्सहावन येथे जन्मलेला. त्याची मातृभाषा फेरोईज, म्हणजे नॉर्नची सख्खी बहीण. 1895 पर्यंत तो बेटाबेटांवर हिंडला. भाषा मेलेली होती. पण शब्द जागोजाग विखुरलेले होते. त्याने सुमारे दहा हजार शब्द गोळा केले. त्यावर आधारलेला त्याचा प्रबंध 1897 मध्ये, तर कोश 1908 ते 1921 ह्या काळात खंडशः प्रसिद्ध झाला. 1918 मध्ये याकोब्सेन वारला, तेव्हा कोश पुरा छापून व्हावयाचा होता. ह्या दहा हजारांत अमूर्त विचारांचे, शासनाचे वा धर्माचे शब्द फार थोडे. वारा, भरती-ओहोटी, मेंढ्यांचे रंग, होडीचे भाग, मासे आणि पक्षी ह्यांचे शब्द मात्र विपुल. ज्याला हात लागतो, डोळा पाहतो आणि पोट भरते, त्याचीच नावे उरली होती.

पक्ष्यांच्या नावांत काही तर सबंध नॉर्स जगताची सामाईक मालमत्ता आहेत. काळ्या गिलेमॉट पक्ष्यास शेटलंडमध्ये ‘टायस्टी’ म्हणतात. फेरोईजमध्ये ‘टाइस्टी’, नॉर्वेजियनमध्ये ‘टाइस्ट’, आणि प्राचीन नॉर्समध्ये थ-सदृश घर्षकाने आरंभ होणारे ‘थेइस्ती’. मोठ्या काळ्या पाठीच्या कुरवास ‘स्वाबी’ म्हणतात. हे ‘स्वार्टबाकर’, म्हणजे ‘काळपाठ्या’, ह्याचे झिजलेले रूप. पाणकावळ्याच्या जातीचा ‘स्कार्फ’, सामान्य गिलेमॉटचा ‘लाँगवी’, कुरवाचे साधे नाव ‘मा’, हे सारे त्याच घरचे. लांब लाल चोचीच्या, किनाऱ्यावर शिंपले फोडून खाणाऱ्या पक्ष्याचे नाव ‘शाल्डर’ हे होय. प्राचीन नॉर्स ‘त्याल्डर’ आणि फेरोईज ‘त्याल्डुर’ ह्यांच्याशी ते पडताळून पाहता येते.

ह्या शेवटच्या शब्दापाशी थोडे थांबणे इष्ट आहे. ‘त्याल्डर’ मधील अंत्य ‘र’ हा शब्दाच्या अंगाचा भाग नव्हे. तो पुल्लिंगी नामाच्या प्रथमा एकवचनाचा प्रत्यय आहे. नॉर्वेजियन भाषेत तो गळाला व ‘त्येल्ड’ एवढेच उरले. शेटलंडमध्ये तो राहिला, पण प्रत्यय म्हणून नव्हे. बेटावरील माणूस अनेक पक्ष्यांविषयी बोलताना ‘शाल्डर्स’ म्हणतो, म्हणजे प्रथमेच्या एकवचनी प्रत्ययावर इंग्रजीचा अनेकवचनी प्रत्यय चढवितो. मराठी वाचकास ह्याचे नवल वाटू नये. संस्कृत ‘राजन्’, ‘आत्मन्’ ह्या प्रातिपदिकांची ‘राजा’, ‘आत्मा’ ही प्रथमेची रूपे मराठीने जशीच्या तशी उचलली आणि त्यांनाच मूळ शब्द मानून त्यांवर आपले प्रत्यय लावले. विभक्तीची जाणीव ज्या क्षणी नष्ट होते त्या क्षणी प्रत्यय शब्दाच्या अंगात मुरतो. ‘शाल्डर’ मध्ये तोच क्षण गोठून राहिला आहे.

ध्वनींचा पुरावा इतका सरळ नाही. ‘टायस्टी’ मधील ‘ट’ पाहून काही जण असा तर्क करतील की, घर्षक ‘थ’ चा ‘ट’ होणे हा उत्तरकालीन नॉर्सचा नियम आहे, इंग्रजी-स्कॉट्समध्ये घर्षक टिकून आहे. तेव्हा हा शब्द नॉर्नच्या अखेरच्या काळातील भाषकांच्या तोंडून थेट आला असला पाहिजे. तर्क आकर्षक आहे. पण शेटलंडचे लोक इंग्रजी ‘थिंग’ हा शब्दही ‘टिंग’ असाच उच्चारतात. पूर्वजांच्या उच्चाराची सवय त्यांनी नव्या भाषेवरही लादली. म्हणून ‘ट’ एकटा काहीच सिद्ध करीत नाही. तो शब्द नॉर्नमधून आला असो वा स्कॉट्समधून, ह्या जिभेवर त्याचा ‘ट’ झालाच असता. कोशातील व्युत्पत्ती वाचताना हा सावधपणा अनेकदा सुटतो.

ह्याच्या उलट, ‘ई’-कारान्त शब्दांचे प्रमाण विचार करण्याजोगे आहे. प्राचीन नॉर्समध्ये दुर्बल पुल्लिंगी नामे प्रथमेत ऱ्हस्व ‘इ’-कारान्त असत. ‘थेइस्ती’ हे त्यांपैकीच. स्कॉट्स भाषेत ‘ई’ हा लाडिकपणाचा वा लघुत्वाचा प्रत्यय आहे आणि तो पशुपक्ष्यांच्या नावांस सहज जोडला जातो. एका भाषेतील विभक्तिचिन्ह दुसऱ्या भाषेतील लाडिक प्रत्ययासारखेच दिसले, म्हणून असे शब्द अंगावरचे वस्त्रही न बदलता नव्या घरात शिरले. ‘स्वार्टबाकर’ सारखा शब्द मात्र आधी झिजला आणि मग त्याच साच्यात बसून ‘स्वाबी’ झाला. एकदा साचा तयार झाला की नवे शब्दही त्यातच ओतले जातात.

‘बॉन्क्सी’ हा बहुधा असाच शब्द होय. नॉर्स जगतात ह्या पक्ष्यास दुसरीच नावे आहेत : आइसलंडमध्ये ‘स्कूमुर’, फेरोमध्ये ‘स्कूग्वुर’, नॉर्वेत ‘स्तोरयू’. ‘स्कुआ’ हे शास्त्रीय व इंग्रजी नाव फेरोमधूनच सतराव्या शतकाच्या आरंभी युरोपीय ग्रंथांत शिरले. फेरोमधील स्कूवॉय बेटाचे नावही ह्याच पक्ष्यावरून पडले आहे. मग शेटलंडनेच निराळा शब्द का योजला? याकोब्सेनने ‘बॉन्क्सी’ चा संबंध नॉर्वेजियन बोलींतील ढिगारा, बोजड आकृती, थोराड देह अशा अर्थांच्या ‘बुंके’ कुळातील शब्दांशी जोडला. डोंगरमाथ्यावर अंग फुगवून बसलेला हा पक्षी ज्याने पाहिला असेल त्यास ही व्युत्पत्ती पटेल. परंतु तिच्यावरून एक निष्कर्ष निघतो, त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. हे वारशाने आलेले नाव नव्हे, तर बेटावर घडविलेले टोपणनाव आहे. ते नॉर्न जिवंत असताना घडले असेल, किंवा नॉर्न गेल्यावर उरलेल्या एखाद्या नॉर्न शब्दास स्कॉट्सचा लाडिक प्रत्यय लावून घडविले असेल. दोन्ही शक्य आहे. ज्या शब्दास बेटाच्या नॉर्सपणाची खूण म्हणून मिरविले जाते, तो कदाचित दोन भाषांच्या सांध्यावर जन्मला असेल.

टोपणनावांचा विषय निघाला की शेटलंडच्या कोळ्यांच्या निषिद्ध शब्दांकडे वळावेच लागते. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत येथील पुरुष सहा वल्ह्यांच्या उघड्या होड्यांतून किनाऱ्यापासून तीस-चाळीस मैल दूर खोल समुद्रात जात. ह्या समुद्रास ‘हाफ’ म्हणत, आणि ही मासेमारी बहुधा जमीनदाराच्या ऋणापोटी व सक्तीने चाले. 1832 च्या जुलैमधील एका वादळात सतरा होड्या व एकशे पाच माणसे गेली. 1881 च्या जुलैत दहा होड्या व अठ्ठावन्न माणसे. अशा समुद्रात गेल्यावर जमिनीवरचे काही शब्द उच्चारू नयेत असा कडक दंडक होता. धर्मोपदेशकास ‘उभा राहणारा’ अशा अर्थाचा शब्द वापरीत, देवळास ‘प्रार्थनाघर’, मांजरास ‘विव्हळणारी’. ह्या प्रवृत्तीची ओळख मराठी घरांना वेगळी करून द्यावयास नको : बांगडी फुटत नाही, वाढवते, रात्री सापास जनावर म्हणावे, घरातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणावे. फरक एवढाच की, शेटलंडमध्ये ह्या आडपडद्याच्या शब्दांसाठी जुनी भाषा हाताशी होती. घरी स्कॉट्स बोलणारा कोळी होडीत बसला की पूर्वजांचे शब्द वापरी. त्यामुळे नॉर्न शब्दांचा एक मोठा साठा, ती भाषा सरल्यावरही, पुरुषांच्या एका पिढीकडून दुसरीकडे चालत आला.

पक्षिनामेही अशा निषिद्ध शब्दांतील होती असे मात्र म्हणता येत नाही. ती टिकली ह्याचे कारण वेगळे आहे. पक्षी हे होडीचे सहकारी होते. कुरवांचा थवा कोठे खाली झेपावतो ह्यावरून माशांचा ठाव लागे. कड्यांवरील अंडी व पिले हिवाळ्याची बेगमी होती. आणि हवेचा अंदाज सांगणाराही पक्षीच होता. लाल गळ्याच्या पाणबुड्या पक्ष्यास शेटलंडमध्ये ‘रेन गूस’, पावसाचा हंस, म्हणतात. तो डोंगराकडे उडाला तर होड्या खुशाल समुद्रात न्याव्यात, समुद्राकडे उडाला तर त्या किनाऱ्यावर ओढून ठेवाव्यात, असा समज होता. फेरोमध्येही ह्याच पक्ष्याच्या ओरडण्यावरून हवा सांगतात. तेथे त्याचे नाव ‘लोमुर’. येथे नेमके उलट घडलेले दिसते : ज्ञान जुने राहिले, नाव नवे आले. तेव्हा उपयुक्त वस्तूची नावे टिकतात हा जो सरसकट सिद्धान्त मांडला जातो, तो पुरेसा नाही. उपयोगामुळे वस्तूचे ज्ञान टिकते. शब्द टिकेलच असे नाही.

‘माली’ ह्या नावाचा इतिहास तर आणखी निराळा. हे फुलमार पक्ष्याचे नाव. हा पक्षी शेटलंडमध्ये पूर्वी वीण घालीत नसे. ब्रिटनच्या परिसरात त्याचे घर म्हणजे सेंट किल्डा. 1878 साली तो फूलाच्या कड्यांवर प्रथम घरटी करू लागला, आणि नंतर सर्व किनाऱ्यांवर पसरला. पण शेटलंडच्या माणसांची त्याच्याशी ओळख त्यापूर्वीच झाली होती. ग्रीनलंडकडे जाणारी देवमाशांच्या शिकारीची जहाजे लर्विक बंदरात थांबून खलाशी भरती करीत, आणि त्या जहाजांवर ह्या पक्ष्यास मूळच्या डच भाषेतील ‘मालेमोक’, म्हणजे साधारणपणे ‘वेडा कुरव’, असे म्हणत. त्याचे झाले ‘माली’. ‘फुलमार’ हा शब्द स्वतः नॉर्सच, ‘दुर्गंधी कुरव’ अशा अर्थाचा, हेब्रिडीजमार्गे इंग्रजीत आलेला. म्हणजे नॉर्स नाव इंग्रजी ग्रंथांत गेले आणि नॉर्स वंशाच्या बेटकरांनी डच नाव घेतले! नावावरून बोलणाऱ्याचा वंश ठरवू पाहणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे.

आता मूळ वादाकडे. नॉर्न कशी मेली ह्याविषयी अभ्यासकांत दीर्घ मतभेद आहेत. याकोब्सेन आणि त्याच्या मागून अमेरिकन विद्वान जॉर्ज फ्लोम ह्यांच्या मते ती हळूहळू स्कॉट्समध्ये विरघळली. आधी प्रत्यय, मग लहान शब्द, मग सर्व काही. डॅनिश अभ्यासक लाउरित्स रेनबो ह्यांनी ह्यास कडाडून विरोध केला. नॉर्न शेवटपर्यंत शुद्ध नॉर्सच राहिली असा त्यांचा आग्रह होता. मायकेल बार्न्स ह्यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात विरघळण्याची कल्पना नाकारली, पण रेनबोंचा आग्रहही स्वीकारला नाही. त्यांच्या मते लोकांनी भाषा बदलली. आईबापांनी मुलांशी नॉर्न बोलणे सोडले, आणि मुलांच्या स्कॉट्समध्ये नॉर्नचे शब्द तेवढे उरले.

पक्षिनामांचा पुरावा बार्न्स ह्यांच्या बाजूने पडतो. नॉर्न स्कॉट्समध्ये खरोखरच विरघळत गेली असती, तर ह्या नावांभोवती अर्धवट जिवंत व्याकरण कोठे तरी चिकटलेले दिसले असते; एखादे जुने अनेकवचन, अंत्य उपपदाची एखादी चालती लकब. तसे दिसत नाही. ‘शाल्डर’ मधील ‘र’ मेलेला आहे, ‘टायस्टी’ मधील ‘ई’ दुसऱ्याच्या ताब्यात गेला आहे. नावे सुटी, तयार आणि व्याकरणरहित अशी हस्तांतरित झाली. मुलाने बापाची भाषा घेतली नाही. कड्यावर उभे राहून बापाने बोट दाखविले, तो शब्द घेतला. मात्र हे केव्हा घडले हे पक्षिनामांवरून सांगता येत नाही, आणि याकोब्सेनची खरी चूक तेथेच झाली. हाती आलेल्या शब्दांची विपुलता पाहून त्याने भाषेचे आयुष्य लांबविले. शब्दांची संख्या ही भाषेच्या मृत्यूचे साल काढण्याचे साधन नव्हे. त्याने जमविलेले धन त्यामुळे कमी मोलाचे ठरत नाही.

बॉन्क्सीचे पुढील आयुष्य त्याच्या नावाइतके सुखाचे गेले नाही. गरुड विरळ झाले, तसा राखणदार म्हणून त्याचा मान ओसरला. संग्राहक त्याची कातडी व अंडी विकत घेऊ लागले. अंस्ट बेटाच्या उत्तर टोकास असलेल्या हर्मानेस येथे 1831 साली त्याच्या अवघ्या तीन जोड्या उरल्या असता एडमन्स्टन घराण्यातील डॉ. लॉरेन्स ह्यांनी त्यांस संरक्षण दिले. ह्याच घराण्यातील टॉमस एडमन्स्टन ह्यांनी 1866 मध्ये शेटलंड-ऑर्कनीच्या बोलीचा व्युत्पत्तिकोश प्रसिद्ध केला. आणि लॉरेन्स ह्यांचे जामात डॉ. हेन्री सॅक्स्बी ह्यांचा शेटलंडच्या पक्ष्यांवरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, 1874 मध्ये, निघाला. एकाच कुटुंबाने पक्षी राखला, शब्द नोंदविला आणि दोघांची सांगड घालून ठेवली, असे क्वचितच घडते.

संरक्षणाचा परिणाम झाला. विसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या गणनेत स्कॉटलंडमधील जोड्यांची संख्या सुमारे साडेनऊ हजार भरली. जगातील निम्म्याहून अधिक बॉन्क्सी तेथेच होते. नावही बेटाबाहेर पडले. आज ब्रिटनभरचे पक्षिनिरीक्षक ‘ग्रेट स्कुआ’ न म्हणता ‘बॉन्क्सी’ म्हणतात, आणि त्यांतील बहुतेकांना नॉर्न ह्या शब्दाची गंधवार्ता नसते. पुढे 2021 च्या उन्हाळ्यात पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझाची साथ ह्या पक्ष्यात शिरली. 2023 च्या पाहणीत ब्रिटनमधील संख्या पूर्वीच्या गणनेच्या मानाने 76 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. 2024 साली ब्रिटनच्या पक्षिस्थितीच्या तांबड्या यादीत आणखी पाच समुद्रपक्षी घालण्यात आले. यादीत त्यांची नावे अर्थातच इंग्रजी आहेत. पण त्यांतील ग्रेट स्कुआ म्हणजे बॉन्क्सी, मोठा काळ्या पाठीचा कुरव म्हणजे स्वाबी, आणि आर्क्टिक सूरय म्हणजे, त्याच्या ओरडण्यावरूनच ज्याचे नाव पडले असावे, तो शेटलंडचा ‘टिरिक’.